तिसरं मत फोंड्यात

(गोवा. वेर्ण्याची औद्योगिक वसाहत. पत्र्यावर पाऊस. सर्व्हर रूमचं दार उघडतं.)

जून महिना. सकाळपासून दोनदा वीज गेली नि आली. इथे आत ऐकू येतो तो फक्त यूपीएसचा सूर. या रॅकमध्ये दोन सर्व्हर आहेत. कारखान्याच्या साऱ्या बॅचच्या नोंदी एका डेटाबेसमध्ये आहेत नि तो दोन्हींवर चालतो. एक पडला तर दुसरा सांभाळेल, हा भरवसा. पण डेटा दोघांपैकी कुणाच्याच पोटात नाही. तो खालच्या स्टोरेजमध्ये आहे, दोघांचा सामायिक.

म्हणून रॅकसमोर आलो की मी आधी केबल धरतो.

(कॅमेरा हाताबरोबर सरकतो.)

ही पहिली फायबर, सर्व्हरहून स्टोरेजकडे जाणारी तार. या स्विचला जाते, म्हणजे तारा जोडणाऱ्या या पेटीला. ही दुसरी... तीही याच स्विचला. स्टोरेजच्या वाटांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, मल्टिपाथ, दोन वाटा दाखवतं, स्क्रीनवर सगळं हिरवं. एका कारखान्यात असाच एकुलता स्विच पावसाळ्यातल्या रात्री गेलेला मी पाहिलाय. सकाळच्या पाळीची माणसं दारात उभी होती आणि दोन्ही सर्व्हर ठणठणीत होते.

स्विच दोन हवेत. त्यांची वीजही वेगवेगळ्या यूपीएसवरून.

त्याहून मोठी भीती वेगळी आहे. दोन सर्व्हरमधला संपर्क तुटतो, प्रत्येकाला वाटतं दुसरा मेला, आणि दोघेही एकाच डिस्कवर मनाला येईल तसं लिहू लागतात. डेटाची माती होते. स्प्लिट-ब्रेन म्हणतात तो हाच. म्हणून मतं मोजावी लागतात. ओरॅकल आरएसीमध्ये, म्हणजे एकच डेटाबेस अनेक सर्व्हरवर चालवणाऱ्या प्रणालीत, व्होटिंग डिस्क, म्हणजे सर्व्हरची हजेरी लागते त्या छोट्या डिस्क, विषम संख्येत ठेवतात, बहुधा ३. निम्म्याहून जास्त डिस्क ज्याला दिसत नाहीत, तो सर्व्हर क्लस्टरबाहेर, म्हणजे सर्व्हरच्या गटाबाहेर, काढला जातो. कठोर वाटतं, पण डेटा वाचतो तो त्यामुळेच.

(झुआरी. पुलावरून वाहनं.)

डेटाची दुसरी प्रत पणजीत ठेवायची आहे. फायबरमधून प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. ३० किलोमीटर तार धरली तर जाऊन-येऊन ०.३ मिलिसेकंद. प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंद पक्की होताना, एवढं थांबणं परवडतं. अडचण नदीची आहे. वेर्ण्याहून पणजीला जायचं तर झुआरी ओलांडावीच लागते. दोन कंपन्यांच्या दोन लाइनी घेतल्या आणि दोन्ही कुठ्ठाळीच्याच पुलावरून आल्या, तर पैसे दोन लाइनींचे, आधार एकाच पुलाचा. त्यामुळे मी तारेचा नकाशा मागून घेतो. एक लाइन कुठ्ठाळीवरून, दुसरी बोरीच्या पुलावरून फोंडामार्गे.

तिसरी व्होटिंग डिस्कही फोंड्यातच. तिला मोठं स्टोरेज लागत नाही, नेटवर्कवरून फाइल देणारा छोटा एनएफएस सर्व्हर पुरतो. वेर्णे आणि पणजी एकमेकांना दिसेनासे झाले, तर फोंड्याचं मत निकाल लावतं.

(रविवार, सकाळ. डेटाबेस चालू आहे. हात केबलवर.)

मालकांना सांगून ठेवलंय. उपसतो.

स्क्रीनवर एक वाट लाल झाली. नोंदी क्षणभर अडखळल्या... आणि पुन्हा चढू लागल्या. केबल परत लावतो, वाट हिरवी होईपर्यंत थांबतो.

आता दुसरी.