लेक्चर मोबाईलवर चालेल, वॉर्डाचं काय?

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय ते कोविडमध्ये ऑनलाईन डॉक्टरकी शिकलेल्या पोरांबद्दल, कारण मी त्यातलीच एक, पुण्यातच एमबीबीएस केलंय.

9 मार्च 2020 ला राज्यातले पहिले कोविड पेशंट आपल्या पुण्यातच सापडले, नायडू हॉस्पिटलला ठेवलेलं त्यांना, आणि 25 तारखेपासून तर देशभर लॉकडाऊन. हॉस्टेल रिकामं करून जो तो गावी, मग सगळं झूमवर नाहीतर गूगल मीटवर.

खरं सांगू का, लेक्चर ऑनलाईन झाली हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना आवडलंच होतं. फार्माकॉलॉजीचं रेकॉर्डिंग दीडच्या स्पीडला लावायचं, अडलं की मागे घ्यायचं, भरलेल्या हॉलमध्ये मागच्या बाकावर बसून हे कुठलं जमायला. रेंज नसलेल्या गावातल्यांचे मात्र फार हाल झाले, वेल्ह्याकडची माझी मैत्रीण फोन घेऊन टेकाडावर जाऊन बसायची आणि पाऊस आला की तिचा क्लास बंद.

पण वॉर्डाचं काय? लिव्हर तपासायचं म्हणजे पेशंटला गुडघे दुमडून झोपवायचं, पोटाच्या उजव्या बाजूला हात ठेवून लांब श्वास घ्यायला सांगायचं, श्वास आत गेला की लिव्हर खाली सरकतं आणि वाढलेलं असेल तर त्याची कड बोटाला लागते. ती कड सरांनी स्क्रीनवर कितीही जीव तोडून समजावली तरी बोटाला कशी कळणार? हृदयाचा मर्मर, म्हणजे ठोक्यांच्या मध्ये येणारा जादाचा आवाज, पण तसाच, क्लिपमध्ये नुसता तोच वाजतो म्हणून लगेच कळतो, वॉर्डात शेजारचे आजोबा खोकत असतात, ट्रॉली खडखडत असते, त्यातून तो ऐकायला शिकायचं असतं. आणि ज्यांची नीट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा सप्टेंबर 2020 ला झाली त्यांचं तर पहिलं वर्षच फेब्रुवारी 2021 ला सुरू झालं, लगेच दुसरी लाट, मग कितीतरी जणांनी डिसेक्शन, म्हणजे मृतदेहाची चिरफाड करून शिकणं, ते पण व्हिडिओवरच बघितलं.

म्हणून मला मनापासून वाटतं की थिअरी खुशाल ऑनलाईन ठेवा पण वाचलेला वेळ पोरांना पेशंटजवळ द्या, आणि तुम्हालाही एक विनंती आहे. ससूनला किंवा कुठल्याही कॉलेजच्या हॉस्पिटलात ॲडमिट असताना पांढऱ्या ॲप्रनातलं एखादं पोर येऊन म्हणालं, काका, पोट तपासू का, तर दुखत असेल तेव्हा सरळ नाही म्हणा, तो तुमचा हक्कच आहे, पण जमत असेल तर तपासू द्या त्याला.