शिफ्ट दाबून पॉवर ऑन करा

[काळा पडदा. बेसलाईन हळूहळू वर येते.]

हा आवाज रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ चा, बेसलाईन वाजवणाऱ्या मशीनचा. १९८१ साली आलेलं मशीन, आणि दुसऱ्याच वर्षी मुंबईत वादक चरणजीत सिंग यांनी ते वापरून चक्क रागांची रेकॉर्ड काढली, तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही आणि बऱ्याच वर्षांनी जगभर लोक ती शोधत फिरायला लागले, पण तो किस्सा परत कधीतरी. आत्ता बघायचंय ते या मशीनच्या पोटातलं सिक्वेन्सर. म्हणजे कुठला स्वर कधी वाजवायचा हे लक्षात ठेवून तेच फिरवत राहणारी गोष्ट. आणि वाजवणाऱ्यांच्या तक्रारी ऐकून असल्या मशीनांतला प्रोग्राम कसा बदलत गेला, ते. ३०३ मध्ये सूर आधी एकदा भरायचे, मग त्यांचं टायमिंग वेगळं भरायचं, आणि दोघांचा मेळ बसला नाही की जे काय वाजेल ते ऐकायचं. लोक जाम वैतागायचे. पण वैतागून करता काय, प्रोग्राम चिपमध्ये कारखान्यातूनच पक्का होऊन आलेला, घरी बसून बदलायची सोयच नाही. १९८४ ला मशीन बनवणंच बंद झालं, तक्रारी होत्या तशाच राहिल्या.

१९८८ चं अकाई कंपनीचं एमपीसी६०, तेही सिक्वेन्सरवालंच मशीन, थोडं बरं. त्याचा प्रोग्राम बदलता यायचा, फक्त त्यासाठी डबा उघडून आतल्या चिपा उपटून नव्या बसवायला लागायच्या. ज्यांनी ते डिझाईन केलं त्या रॉजर लिन यांनीच पुढे जुन्या एमपीसी६० साठी ३.१० व्हर्जन काढून विकलं.

मग त्याच घराण्यातल्या एमपीसी१००० च्या वेळी मजाच झाली. जपानमधल्या, जेजे एवढ्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका प्रोग्रामरने त्या मशीनसाठी स्वतःची अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली, जेजे ओएस, आणि लोकांना जे हवं होतं, म्हणजे नोटा स्क्रीनवर चौकटीत दिसाव्यात आणि तिथेच हलवता याव्यात वगैरे, ते त्याने देऊन टाकलं. पैसे घेऊन दिलं, तरी लोकांनी खुशीत घेतलं. मशीन अकाईचं आणि फीडबॅक ऐकणारा भलताच माणूस!

[कट. वेलिंग्टन, न्यूझीलंड. टेबलावर डेल्यूज, पॅड चमकतायत.]

आता मुख्य पात्र. याचं नाव डेल्यूज. वेलिंग्टनची सिंथस्ट्रॉम ऑडिबल म्हणून छोटीशी कंपनी आहे, रोहन हिल यांनी हे बनवलं, २०१७ च्या आसपास लोकांच्या हातात पडायला लागलं. सोळा गुणिले आठ, म्हणजे १२८ रंगीत पॅड, शिवाय बाजूला अजून १६. सिक्वेन्सर, आवाज तयार करणारा सिंथ, रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारा सॅम्पलर, सगळं यातच, आणि आत बॅटरी, म्हणजे गच्चीवर घेऊन बसलात तरी चालतं. अपडेटसाठी डबा उघडायची भानगड नाही, एसडी कार्डवर एक फाईल टाकायची, शिफ्ट दाबून धरायचं आणि पॉवर ऑन करायची. झालं.

आणि इतकं सोपं झालं ना, की लोक मागत सुटले.

सुरुवातीच्या मशीनला डिस्प्ले कसला होता बघा.

[क्लोजअप: चार अक्षरी लाल डिस्प्ले.]

चार अक्षरं. जुन्या डिजिटल घड्याळासारखी, प्रत्येक अक्षर सात रेघांत. यात एम किंवा डब्ल्यू लिहून दाखवा, तोंडाला फेस येईल. मोठं नाव असेल तर ते सरकत सरकत जायचं आणि आपण डोळे बारीक करून वाचत बसायचं. स्क्रीन द्या स्क्रीन द्या हे इतक्या जणांनी म्हटलं की २०२१ मध्ये ओएलईडी स्क्रीनवालं मॉडेल आलं, जुन्या मालकांना ती नंतर बसवून घ्यायचीही सोय झाली. पण सगळ्यांनी काही बसवून घेतली नाही, कितीतरी मशीनं अजून त्याच चार अक्षरांवर आहेत, त्यामुळे आजही फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या प्रोग्राममध्ये, नवीन काही टाकलं की त्याची दोन नावं ठरवायला लागतात, एक स्क्रीनवाल्यांसाठी आणि एक या चार खोल्यांच्या चाळीत कसंबसं राहील असं.

यापेक्षा अवघड गोष्ट दुसरीच आहे आणि ती मागणी करणाऱ्यांच्या सहसा डोक्यात येत नाही. पॅनेलकडे नीट बघा.

[कॅमेरा पॅडांच्या ओळीवरून सावकाश.]

पॅडांना लागून बारीक अक्षरं छापलीयत, शिफ्ट धरून हा पॅड दाबला की फिल्टर, तो दाबला की एन्व्हलप. छान सोय आहे. पण छपाई एकदाच होते. अपडेटमधून आलेल्या फीचरला पॅनेलवर जागा कुठून आणणार, मग ते जातं मेन्यूच्या आत किंवा हे धरा, ते दाबा, नॉब फिरवा असल्या कसरतीत, आणि ती कसरत कुठेच लिहिलेली नसते, लक्षात ठेवायची. "एवढं एक वाढवा ना" म्हणणाऱ्याला ते एकच दिसतं, पण तसे शेकडो जण असतात. शिवाय जो माणूस स्टेजवर वाजवतो त्याचं डोकं नाही, बोटं लक्षात ठेवतात. एखादं बटण काल एक करायचं आणि आज दुसरं करायला लागलं, तर त्याच्यासाठी ते अपडेट नाही, मोडतोड आहे. मला विचाराल तर "हे बदलू नका" हाही फीडबॅकच आहे आणि तो फार कमी ऐकला जातो, कारण जो खूश असतो तो लिहीत बसत नाही, वाजवत बसतो.

२०२३ मध्ये सिंथस्ट्रॉमने एक मोठं पाऊल उचललं. फर्मवेअरचा सगळा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्राम, कोणीही वापरावा, बदलावा अशा जीपीएल लायसन्सखाली गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाईटवर खुला केला. घ्या, तुम्हाला हवंय ना, लिहा. आणि लोकांनी खरंच लिहिलं! या लोकांनी मिळून लिहिलेल्या कम्युनिटी फर्मवेअरच्या मोठ्या आवृत्त्यांना संगीतकारांची नावं दिली, अमेडियस, मग बेथोव्हेन, मग शोपँ (इंग्रजीत Chopin), ए बी सी अशी ओळीने. ऑटोमेशन, म्हणजे गाण्यात कुठे काय बदलत जातं ते, थेट पॅडांवर बघायची सोय आली, वाजवता वाजवता पॅडांवरून इफेक्ट टाकायचा परफॉर्मन्स व्ह्यू आला, १९८३ च्या यामाहा डीएक्स७ या सिंथचे पॅच, म्हणजे त्याचे तयार आवाज, वाजवता यायला लागले. बोटांच्या भांडणावर त्यांनी काढलेला तोडगा मला आवडला, सेटिंगमध्ये कम्युनिटी फीचर्सचा वेगळा मेन्यू केला, बरेचसे बदल तिथून चालू-बंद करता येतात. नको असेल तर बंद ठेवा, जुनी सवय तशीच.

पण सगळ्यात भारी गोष्ट फीचर नाहीच.

हार्डवेअरचा बग सांगणं म्हणजे डोकेदुखी असते. कॉम्प्युटरवर निदान मेसेज येतो, लॉग सापडतो. इथे मशीन नुसतं थिजतं. मग लोक काय लिहितात, "परत हँग झालं, लवकर फिक्स करा." यावरून कोण काय फिक्स करणार? समजा कोणी लिहिलं की ऑडिओ रेकॉर्ड होत असताना मी बॅक दाबलं, टेम्पो अमुक होता, हे घ्या गाणं, दर वेळी इथेच अडकतं, तर तो माणूस देवमाणूस, अर्धं काम झालं. कंपनीच्या फर्मवेअरमध्ये गडबड झाली की ई आणि पुढे आकडा असा कोड यायचा, तो कळवला की निदान दिशा मिळायची.

कम्युनिटीवाल्यांनी त्याच्या पुढे जाऊन पॅडच वापरले.

[पॅडांवर रंगीत ठिपक्यांची नक्षी.]

हे लाईट शोसारखं दिसतंय ना, हा क्रॅश आहे. प्रोग्राम कुठल्या जागी कोसळला, तिथे कुठून कुठून आला, फर्मवेअरच्या कुठल्या बिल्डवर, म्हणजे नेमक्या कुठल्या आवृत्तीवर होता, ही सगळी माहिती पेटलेल्या आणि विझलेल्या पॅडांमध्ये मांडलेली आहे. पेटलेला म्हणजे एक, विझलेला म्हणजे शून्य. वाजवणाऱ्याला त्यातलं काही कळायची गरज नाही, मोबाईलने सगळे पॅड येतील असा एक फोटो काढायचा आणि पाठवायचा, डेव्हलपर त्यावरून कोडमधली जागा काढतो. फक्त फोटो आधी, बंद-चालू नंतर. घाईत आधी बंद केलं की पुरावा गेला.

अपडेट टाकायचा असेल तर आधी एसडी कार्डची अख्खी कॉपी करून ठेवा. जुनं फर्मवेअर त्याच शिफ्टच्या युक्तीने परत टाकता येतं, तिथे काही अडत नाही, पण नव्यात सेव्ह केलेलं गाणं जुन्यात नीट उघडेलच असं नसतं, आणि हे बहुतेकांना कळतं ते परत जुन्यावर आल्यावर.