यादीतलं नाव नीट वाचणं

मित्रहो, २१ ऑक्टोबरला, म्हणजे पोलीस स्मृतिदिनाला, पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर काय काय करायचं ते बहुतेकांना पाठ असतं. का करायचं असं विचारलं, तर ‘लडाखमध्ये काहीतरी झालं होतं’ एवढ्यावर गाडी थांबते. तेव्हा आधी ते सांगतो.

१९५९ साली तिबेटला लागून असलेल्या त्या सरहद्दीवर पहारा पोलिसांकडे होता. २० ऑक्टोबरला हॉट स्प्रिंग्जच्या ठाण्यावरून तीन टेहळणी तुकड्या निघाल्या. लनक ला खिंडीकडे पुढे सरकायचं होतं, त्याची ती तयारी. दोन तुकड्या दुपारपर्यंत परतल्या. तिसरीतले दोन शिपाई आणि एक हमाल परतलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी गुप्तवार्ता विभागाचे अधिकारी करमसिंग जवानांना घेऊन त्यांच्या शोधात गेले, आणि टेकडीवर दबा धरून बसलेल्या चिनी सैनिकांनी त्यांच्यावर वरून गोळीबार केला. दहा जण गेले. मृतदेह ताब्यात मिळाले ते १३ नोव्हेंबरला, आणि अंत्यसंस्कारही तिथेच, हॉट स्प्रिंग्जला झाले. जानेवारी १९६० मध्ये पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेनं हा दिवस स्मृतिदिन ठरवला. ते दहा जण हरवलेल्या तिघांना शोधायला निघाले होते, एवढं ध्यानात ठेवा. चकमकीत पडलेला, पुरात लोकांना काढताना वाहून गेलेला, नाकाबंदीत गाडीनं उडवलेला, असे कर्तव्यावर गेलेले सगळे त्या दिवशी मैदानावर वाचल्या जाणाऱ्या एकाच यादीत का येतात ते त्यावरून समजतं.

आता यादी. ती १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट अशा वर्षाची असते आणि देशभरातली सगळी राज्यं आणि केंद्रीय दलं तीत येतात. मुंबईत नायगावच्या मैदानावर मणिपूरच्या शिपायाचं नाव वाचलं जातं आणि गडचिरोलीच्या शिपायाचं तिकडे इंफाळला. दुखणं इथेच आहे. यादी रोमन लिपीतून फिरते. रोमनमध्ये ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. तुकाराम ओंबळे हे नाव महाराष्ट्रात कोणी चुकवणार नाही. गिरगाव चौपाटीवर हातातल्या लाठीनिशी पुढे होऊन कसाबच्या एके-४७ ची नळी धरून ठेवणाऱ्या त्या सहायक फौजदाराचं नाव आता कोळी या कीटकाच्या एका प्रजातीलाही आहे, ‘आयसियस तुकारामी’. पण दुसऱ्या राज्यात तोच कागद हातात घेतलेला माणूस ‘ओंबले’ वाचणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही. आपणही इकडे मिझो आणि मल्याळी नावांचे असेच तुकडे पाडतो.

यावर उपाय साधा आहे, फक्त वेळखाऊ आहे. यादी हातात आली की ती देवनागरीत उतरवून घ्या. अडेल त्या नावासाठी त्या घटकाच्या नियंत्रण कक्षाला फोन लावा, तिथल्या माणसाकडून नाव दोनदा म्हणवून घ्या. मोठ्या टाइपात, एका ओळीत एकच नाव छापा. हुद्दा, नाव आणि दल मिळून साधारण सहा सेकंद जातात. २०० नावं असतील तर २० मिनिटं झाली. वाचणारे दोघे ठेवा, कारण शंभरेक नावांनंतर आवाज बसतो आणि शेवटची नावं घाईत उरकली जातात. शेवटच्या नावाचे नातेवाईकही समोरच बसलेले असतात.

ही २० मिनिटं तुकडीला शोकशस्त्रात उभं करू नका. शोकशस्त्रात नळीचं तोंड डाव्या बुटाच्या टोकावर येतं, दस्ता वर, दस्त्याच्या माथ्यावर एकावर एक तळवे आणि मान खाली. जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल साधारण ११३ सेंटीमीटर होती, तिच्यावर माणूस सरळ उभा राहायचा. इन्सास रायफल जेमतेम ९६ सेंटीमीटर, म्हणून उंच जवान कमरेत वाकतो आणि रांग वाकडी दिसते. त्यात ऑक्टोबरचं ऊन. गुडघे ताठ आवळून उभा राहिलेला, उपाशीपोटी आलेला जवान धाडकन पडतो. गुडघे किंचित सैल, पोटात थोडं खाणं आणि वेळेवर पाणी, एवढ्यानं हे टळतं.

बिगुलरचा विचार तर कोणी करतच नाही. नावं वाचून होईस्तोवर त्याचे ओठ सुकलेले असतात आणि मग त्याच ओठांनी ‘लास्ट पोस्ट’ या मानवंदनेच्या धूनचे वरचे सूर काढायचे! ते फाटतात. त्याला रांगेमागे उभा करा, मुखनळी मुठीत ऊबेला धरू द्या. नंतरची स्तब्धतेची दोन मिनिटं घड्याळावर मोजा. अंदाजानं घेतली की दीडमध्येच स्तब्धता संपवणारं ‘राउज’ वाजतं.

हवेत तीन फैरी झाडायच्या असतील तर कोऱ्या काडतुसांत गोळी नसते, त्यामुळे स्वयंभरण बंदुकीत पुढचं काडतूस भरणारा बोल्ट मागे ढकलण्याइतका दाब तयार होत नाही. नळीच्या तोंडाला दाब अडवणारा जोड लावा, नाहीतर प्रत्येक फैरीला हातानं बोल्ट ओढायचा सराव करून घ्या. काडतुसं जुनी निघाली तर तेही फुकट. २०१९ मध्ये बिहारमध्ये एका माजी मुख्यमंत्र्यांच्या अंत्यविधीत २२ बंदुका गप्प राहिल्या, तेव्हा देशभर शोभा झाली होती.

स्मारकाच्या दगडाबद्दल थोडंसं. दिल्लीत चाणक्यपुरीत २०१८ मध्ये खुलं झालेलं राष्ट्रीय पोलीस स्मारक म्हणजे ३० फुटी, २३८ टनांची काळ्या ग्रॅनाइटची एकसंध शिळा, आणि शौर्यभिंतीवर तेव्हा ३४,८४४ नावं. जिल्ह्यांतली स्मारकं लहान असतात, तिथे खर्च रंगावर होतो आणि कोरणी उथळ राहते. काही पावसाळ्यांत रंगाचे पापुद्रे निघतात. देवनागरीत सगळ्यात आधी जातो तो अनुस्वार. ठिपका मळानं भरला की ‘शिंदे’ वाचताना ‘शिदे’ होतात. तेव्हा ठिपके खोल कोरून घ्या, आम्लानं धुऊ नका, आणि भिंतीवर मोकळी जागा सोडा. भिंत भरली असं गृहीत धरून बांधणारे वास्तुकार पाहिले की नवल वाटतं.

एक कागदी बाब राहिली. ‘शहीद’ हा शब्द भाषणात खुशाल वापरा, पण तो सरकारी दप्तरात नाही. सरकारनं २०१५ मध्ये लोकसभेतच तसं सांगितलं आहे. घरच्यांच्या कामी येते ती कर्तव्यावर असल्याची नोंद. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत निघाल्याची वेळ, कोणाच्या हुकमानं, कशासाठी, हे त्या दिवशीच लिहिलेलं असलं पाहिजे.

आणि हो, मैदानावर यादी वाचून होते तेव्हा पुढच्या यादीचे सात आठवडे उलटून गेलेले असतात. तिची वही १ सप्टेंबरलाच उघडून ठेवा, देवनागरीत.