उपग्रहाची सकाळ, पत्र्याखालची रात्र

नमस्कार श्रोतेहो.

लँडसॅट मालिकेतला उपग्रह सुमारे 705 किलोमीटर उंचीवरून मुंबईवरून जातो, तेव्हा आपल्या घड्याळात सकाळचे साधारण अकरा वाजलेले असतात. जमिनीतून, छपरांतून, रस्त्यांतून बाहेर पडणारी उष्णता तो टिपतो आणि त्यावरून शहराच्या तापमानाचा नकाशा तयार होतो. उन्हाळ्यातल्या अशा नकाशात बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, विहार आणि तुळशी तलाव, ठाणे खाडीकाठची तिवरं थंड दिसतात. विमानतळाची धावपट्टी आणि कुर्ला, गोवंडीकडच्या दाट वस्त्या लाल दिसतात. झाड तोडलं की काय हरवतं, हे इतक्या स्पष्टपणे दुसरं काहीच दाखवत नाही. म्हणून हे नकाशे मला फार मोलाचे वाटतात.

पण ते वाचायचे कसे, याबद्दल आज बोलायचं आहे.

उपग्रहाचं चित्र छोट्या चौकोनांचं बनलेलं असतं. लँडसॅट 8 च्या उष्णतेच्या चित्रातला असा एक चौकोन जमिनीवर 100 मीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो. धारावीत एवढ्या जागेत शेकडो खोल्या मावतात, आणि त्या सगळ्यांचं मिळून एकच तापमान आपल्या हाती येतं. तेही पृष्ठभागाचं, खोलीतल्या हवेचं नव्हे. दमटपणा तर त्यात येतच नाही, आणि मुंबईत जीव कासावीस होतो तो त्यानेच.

पत्र्याची गोष्ट आणखी वेगळी. नवा, चकचकीत पत्रा तापला तरी उष्णता कमी बाहेर टाकतो, त्यामुळे उपग्रहाला तो असतो त्यापेक्षा थंड भासतो. गंजलेला पत्रा किंवा सिमेंटचं छप्पर तसं फसवत नाही. छप्पर कशाचं आहे हे ठाऊक नसेल, तर ज्या घरात माणसं भाजून निघतात तेच नकाशावर सुखरूप दिसू शकतं.

शिवाय वेळ सकाळची. भिंतींनी दिवसभर साठवलेली उष्णता रात्री खोलीत उतरते, माळ्यावर झोपणाऱ्याला डोळा लागत नाही, ते या नकाशात कुठून यायचं? 2018 पासून अंतराळ स्थानकावरचं इकोस्ट्रेस हे उपकरण वेगवेगळ्या वेळी, कधी रात्रीही, तापमान टिपतं. त्याचा उपयोग होतो, पण पावसाळी ढगांपुढे तेही हतबल.

महापालिकेच्या 2022 च्या हवामान कृती आराखड्यात वाढत्या उष्णतेची दखल आहे. कुठल्या वस्तीत छपरांना पांढरा रंग द्यायचा, कुठे झाडं लावायची, हे ठरवताना उपग्रहाचा नकाशा पहिला हवा, एकटा नको. त्याच्या जोडीला दोन-चार खोल्यांत तापमान आणि दमटपणा मोजणारी साधी यंत्रं ठेवावीत, रात्री अकराला नोंद घ्यावी. लँडसॅटची चित्रं 2008 पासून सगळ्यांना फुकट मिळतात. भूगोल शिकणाऱ्या महाविद्यालयीन मुलामुलींनी आपल्याच वॉर्डातून सुरुवात करावी, आणि आधी तिथल्या बायकांना विचारावं, कुठल्या खोलीत झोप लागत नाही.