कडी लागण्याआधी

गणेशोत्सव जवळ आला की लालबाग-परळच्या गल्ल्यांतून ढोल-ताशांचा सराव घुमू लागतो. वर्गातली बहुतेक मुले बाकावर ठेका धरतात, पण एखाद्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला तोच आवाज असह्य होऊ शकतो. तो कान घट्ट दाबतो, पुढेमागे डोलतो, वही भिरकावतो आणि शेवटी समजवायला आलेल्या बाईंच्या हाताला चावतो. नोंद झालीच, तर ती फक्त चावण्याची होते.

मग कधी दोघे-तिघे मिळून त्याला दाबून धरतात, कधी ओढणीने खुर्चीला बांधतात, तर कधी 'शांत होईपर्यंत' रिकाम्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावतात. यामागे क्रूरपणा असतोच असे नाही. भरलेला वर्ग एकटीने सांभाळणाऱ्या शिक्षिकेची अडचण खरी असते. परंतु मुलाला पालथे पाडून पाठीवर भार दिला, तर छाती फुलायला जागा राहत नाही आणि श्वास कोंडून जीवही जाऊ शकतो. अमेरिकेतील शाळांमध्ये असे मृत्यू घडल्याची प्रकरणे तिथल्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने २००९ मध्ये संसदेपुढे मांडली होती.

आपल्याकडे त्याच वर्षीच्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली, आणि राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनी मुलाला वर्गात, ग्रंथालयात किंवा शौचालयात कोंडणे हीसुद्धा शारीरिक शिक्षाच मानली. मात्र 'ही शिक्षा नव्हे, त्याच्याच सुरक्षिततेसाठी केले' असे म्हटले की वाद तिथेच अडतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ या बाबतीत अधिक नेमका आहे. त्याच्या कलम ९७ नुसार रुग्णालयात रुग्णाला एकांतात कोंडता येत नाही. तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल, तेव्हाच आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने त्याला बांधता येते. त्याची कारणे नोंदवावी लागतात, नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला, २४ तासांत कळवावे लागते, आणि कर्मचारी अपुरे आहेत ही सबब चालत नाही. हा कायदा मानसिक आरोग्य संस्थांपुरता आहे. शाळेच्या वर्गाला तो लागू होत नाही.

तरीही नोंदीची ही शिस्त शाळेला उचलता येते. विशेष शिक्षक आधी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यानंतर काय झाले, हे तीन रकान्यांत लिहून काढतात. काही दिवसांच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या की चावण्याआधीचा ढोल दिसू लागतो. मग उपाय साधे निघतात: खिडकीपासून दूरचे बाक, आवाज अडवणारे हेडफोन, बोलता न येणाऱ्या मुलाला 'बाहेर जायचे आहे' असे दाखवता येईल असे चित्रकार्ड, आणि दाराला कडी नसलेला, मुलाला स्वतःहून येता-जाता येईल असा शांत कोपरा. पालकांच्या खर्चाने येणारी, वर्गात त्या एकाच मुलासोबत बसणारी मदतनीस शिक्षिका (शॅडो टीचर) सर्वांना परवडत नाही. हे उपाय मात्र पालिकेच्या शाळेतही जमण्यासारखे आहेत.

मुलाला धरावेच लागले, तर त्याच दिवशी पालकांना कळवायला हवे, आणि जूनमध्ये वर्ग बदलताना नोंदींची ती वही नव्या वर्गशिक्षिकेच्या हाती द्यायला हवी.