४,२९,४९,६७,२९७ : फर्माची पाचवी संख्या

पडद्यावरची ही संख्या नीट पाहा. ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. दोनाचा बत्तिसावा घात, अधिक एक.

तिच्या आधीची भावंडं अशी: ३, ५, १७, २५७, ६५,५३७. मोजणी शून्यापासून करतात, म्हणून ही पाचवी. दोनाचा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात घ्यायचा आणि एक मिळवायचा. पाचही संख्या मूळ. सतराव्या शतकात फ्रेंच गणितज्ञ प्येर द फर्मा यांना खात्री वाटली की ही रांग पुढेही मूळच राहणार. सिद्धता मात्र त्यांना सापडली नाही.

१७३२ मध्ये गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी ही संख्या फोडली: ६४१ गुणिले ६७,००,४१७.

६४१ शोधायला एकेक मूळ संख्या तपासत बसावं लागत नाही. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक १२८ च्या पटीपेक्षा एकाने मोठाच असतो, हे पुढे एकोणिसाव्या शतकात एदुआर ल्युका यांनी दाखवलं. मग तपासायचं काय? १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यातल्या मूळ संख्या दोनच, २५७ आणि ६४१. त्यातही २५७ स्वतः याच रांगेतली, आणि या रांगेतल्या कोणत्याही दोन संख्यांना १ सोडून सामाईक विभाजक नसतो. म्हणजे पहिल्याच भागाकारात उत्तर!

पण मला सर्वांत सुंदर वाटतं ते पुढचं. इथे तो भागाकारही करावा लागत नाही.

६४१ दोन प्रकारे लिहू. एक, ५ गुणिले दोनाचा सातवा घात, अधिक १. दोन, पाचाचा चौथा घात अधिक दोनाचा चौथा घात, म्हणजे ६२५ अधिक १६. आता फक्त ६४१ ने भागल्यावर उरणारी बाकी पाहायची. पहिल्या ओळीवरून, ५ गुणिले दोनाचा सातवा घात म्हणजे उणे १. दोन्ही बाजूंचा चौथा घात घेऊ. पाचाचा चौथा घात गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात, बाकी १. दुसरी ओळ सांगते, पाचाच्या चौथ्या घाताऐवजी उणे दोनाचा चौथा घात चालेल. अठ्ठावीस आणि चार, बत्तीस. उणे दोनाचा बत्तिसावा घात, बाकी १. म्हणून दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक, बाकी शून्य.

दहा अंकी संख्येचा निकाल, आणि सगळी आकडेमोड ६२५ च्या आसपास!

हाच निकाल आणखी एका वाटेने लागतो. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता आली, तर एकाच रीतीने मांडता येते. आपली संख्या ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग आहेच. पण ती ६२,२६४ चा वर्ग अधिक २०,४४९ चा वर्गसुद्धा आहे. दुसरी रीत सापडली, त्याच क्षणी ती मूळ नाही हे ठरलं, विभाजक माहीत नसतानाही.

या रांगेत ६५,५३७ नंतर एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.