फ्लाखाऊचा गवंडी: हेर्मान मायरची गोष्ट

६ जानेवारी १९९६. ऑस्ट्रियाच्या डोंगरातलं फ्लाखाऊ गाव, आणि तिथं आज स्कीइंगच्या वर्ल्ड कपची, म्हणजे हिवाळाभर ठिकठिकाणी चालणाऱ्या शर्यतींच्या मालिकेतली, जायंट स्लालम नावाची शर्यत आहे. शर्यत अजून सुरू व्हायचीये, पण उतारावरून एक जण आधीच खाली येतोय. स्पर्धकांच्या यादीत त्याचं नाव नाहीये. तो फोररनर आहे, म्हणजे शर्यतीआधी ट्रॅकवरून उतरून बघणारा माणूस. बर्फ कसाय, गेटं, म्हणजे ज्यांना वळसा घालत उतरायचं ते खांब, नीट रोवलीत का, घड्याळ बरोबर चालतंय का हे त्याच्या उतरण्यावरून कळतं आणि मग खरे खेळाडू येतात. फोररनरची वेळ निकालात धरत नाहीत. पण घड्याळ तर चालू असतंच ना, आणि त्या दिवशी या पोराची वेळ अशी निघाली की शर्यतीत असता तर बारावा आला असता.

नाव हेर्मान मायर. वय २३. उन्हाळ्यात गवंडीकाम, हिवाळ्यात वडिलांच्या स्की स्कूलमध्ये शिकवायचं, हा त्याचा तोवरचा उद्योग.

मायरचं नाव नेटवर शोधलं की सगळ्यात आधी त्याचा पडतानाचा व्हिडिओ येतो. तो आपण बघणारच आहोत, तो टाळून त्याची गोष्ट सांगताच येत नाही. पण मला मनापासून वाटतं की हा माणूस कळायचा असेल तर त्या पडण्याच्या आधीची वर्षं बघायला हवीत, जेव्हा कोणीच त्याच्याकडे बघत नव्हतं.

जन्म ७ डिसेंबर १९७२ चा. गावात बर्फ, घरात स्की, वडील शिकवणारे, त्यामुळे पोरगं चालायला लागलं आणि मागोमाग स्कीवर उभं राहिलं असं म्हटलं तरी चालेल. पुढं श्लाडमिंगच्या नावाजलेल्या स्की शाळेत गेला, आणि पंधराव्या वर्षी तिथून परत आला. अंगानं बारका, वाढीच्या वयात गुडघे दुखणारे. या शरीराचं काही होणार नाही असं ठरलं.

हे किती मोठं ठरणं आहे ते समजून घ्या. अल्पाइन स्कीइंगमध्ये रस्ता ठरलेला असतो, शाळा, मग ज्युनियर टीम, मग युरोपा कप, मग वर्ल्ड कप, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी या रांगेतून बाहेर पडलेलं पोर सहसा परत आत येत नाही. त्यात देश ऑस्ट्रिया! ऑलिंपिकला एका शर्यतीत एका देशाचे जास्तीत जास्त चारच जण उतरू शकतात, आणि ऑस्ट्रियात त्या चार जागांसाठी असे लोक भांडत असतात जे दुसऱ्या कुठल्याही देशात एक नंबरचे ठरले असते.

तर तो घरी आला आणि गवंडीकाम शिकला. सिमेंट कालवणं, विटा वाहणं, ओळंबा धरून भिंत चढवणं. एक उन्हाळा नाही, कित्येक उन्हाळे. आणि या काळात ते बारकं शरीर भरलं, खांदे आले, मांड्या आल्या. मला या वर्षांकडे वाया गेलेली वर्षं म्हणून बघवतच नाही, कारण पुढं जे झालं ते झेलायची ताकद याच काळात त्याच्या अंगात आली.

फ्लाखाऊच्या त्या दिवसानंतर मात्र सगळं धडाधड झालं. काही दिवसांत युरोपा कप, फेब्रुवारीत हिंटरश्टोडरला वर्ल्ड कपचं पदार्पण. जानेवारी १९९७ मध्ये शामोनीच्या डाउनहिलमध्ये पडला, हात मोडला. आणि पुढच्याच महिन्यात, २३ फेब्रुवारीला, गार्मिशला सुपर-जीमध्ये वर्ल्ड कपचा पहिला विजय.

इथं जरा थांबून शर्यतींचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्लालम आणि जायंट स्लालम या वळणांच्या शर्यती, दोन-दोन फेऱ्यांच्या. डाउनहिल म्हणजे वेगाची राणी, एकच फेरी, पण आधीच्या दिवसांत त्याच ट्रॅकवर सराव करायला मिळतो. सुपर-जी या दोन्हींच्या मधली, आणि मला विचाराल तर सगळ्यात कठीण, कारण वेग जवळजवळ डाउनहिलचा आणि सराव शून्य. सकाळी ट्रॅकच्या कडेनं हळूहळू घसरत जायचं, गेटं डोक्यात भरून घ्यायची, आणि मग थेट शर्यत. मायरनं वर्ल्ड कपच्या ५४ शर्यती जिंकल्या, त्यातल्या २४ सुपर-जीच्या आहेत.

आता तो व्हिडिओ.

१३ फेब्रुवारी १९९८, जपानमधलं नागानो ऑलिंपिक, हाकुबाचा उतार, पुरुषांची डाउनहिल. सुटून वीस सेकंदही झालेली नाहीत. ताशी शंभरच्या वरचा वेग, डावीकडचं वळण, आणि त्यानं घेतलेली लाइन, म्हणजे वळणातून जायची वाट, फार सरळ आहे. बघा, इथं पायाखालचा बर्फ सुटला. आता तो हवेत आडवा आहे, दोन्ही स्की आभाळाकडे, आणि मागं निळं आकाश. मग डोक्यावर आपटतो, उलटतो, सुरक्षेच्या जाळीची एक रांग तोडतो, दुसरी तोडतो, आणि पलीकडच्या मऊ बर्फात जाऊन पडतो. पुढचे काही क्षण बघणाऱ्या कोणालाही वाटलं नसेल की हा उठेल.

तो उठला. खांदा आणि गुडघा दुखावलेला, पण हाडं शाबूत. हवामान खराब होतं म्हणून सुपर-जी पुढं ढकलली गेली, तेवढे दिवस त्याला मिळाले. १६ तारखेला, पडल्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी, त्यानं सुपर-जी जिंकली, आणि तीही थोडक्यात नाही तर अर्ध्या सेकंदाहून जास्त फरकानं. या खेळात वेळ शंभराव्या भागापर्यंत मोजतात आणि तेवढ्यातच पदकं इकडची तिकडं होतात, म्हणजे हा फरक केवढा ते बघा. १९ तारखेला जायंट स्लालमचंही सुवर्ण. त्याआधीच लोक त्याला ‘हर्मिनेटर’ म्हणायला लागले होते, आता ते नाव जगभर गेलं.

पुढची तीन वर्षं भराभर सांगतो. १९९९ ला व्हेलच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये डाउनहिल आणि सुपर-जी दोन्ही सुवर्णं. १९९९-२००० च्या सीझनला बरोबर २००० गुण. पहिल्या नंबराला १०० मिळतात, त्या हिशोबानं बघा, आणि पुरुषांमधला हा विक्रम २०२३ साली स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमाटनं २०४२ केले तेव्हाच मोडला. २०००-०१ ला तेरा विजय, एका सीझनमधल्या विजयांच्या स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कच्या विक्रमाशी बरोबरी. तोवर तीन ओव्हरऑल वर्ल्ड कप, म्हणजे सीझनभरच्या सगळ्या शर्यतींचे गुण धरून मिळणारी ट्रॉफी, घरात.

आणि मग २४ ऑगस्ट २००१. ट्रेनिंग संपवून मोटरसायकलवरून घरी निघालाय, घर अगदी जवळ आलंय, राडश्टाटला रस्त्यावर एक कार त्याच्यासमोर वळली. उजव्या पायाचं गुडघ्याखालचं हाड फुटून बाहेर. पाय कापावा लागेल का, इथपर्यंत गोष्ट गेली होती. साल्झबर्गच्या डॉक्टरांनी तासन् तास ऑपरेशन करून पाय वाचवला, आत टायटॅनियमचा रॉड घातला.

पाय वाचला म्हणजे करिअर वाचलं असं नाही, आणि का ते नीट बघण्यासारखं आहे. स्कीचा बूट बघितलाय का कधी जवळून? कडक प्लास्टिकचा कवच असतो तो, घोटा हलतच नाही. वळताना खेळाडू पुढं झुकतो आणि नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबतो, त्या दाबानं स्कीचं टोक बर्फात शिरतं आणि कड पकडते. वर्ल्ड कपचा ट्रॅक तर पाणी मारून काचेसारखा कडक केलेला असतो, त्यावर थरथर थेट हाडात जाते. म्हणजे अख्ख्या खेळाचा भार शरीरात जिथं येतो ती जागा नडगी. इतकंच काय, स्टार्टला जी काडी आडवी असते, जी ढकलली की घड्याळ सुरू होतं, ती पण नडगीच्याच उंचीवर असते. आणि मायरचं मोडलेलं हाड नेमकं तेच होतं.

२००२ चं सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिक गेलं. वर्षभरापेक्षा जास्त काळ शर्यत नाही. जानेवारी २००३ ला आडेलबोडनला परत उतरला आणि जायंट स्लालमच्या दुसऱ्या फेरीतसुद्धा पोचला नाही. पहिल्या तिसात आलात तरच दुसरी फेरी मिळते, आणि चार सीझन ज्याच्या मागं सगळे पळत होते तो माणूस तिसातही नाही. मला हा दिवस फार महत्त्वाचा वाटतो. इथं थांबला असता तरी कोणी नाव ठेवलं नसतं.

दोन आठवडे पण झाले नाहीत. २७ जानेवारी २००३, किट्सब्यूल, ऑस्ट्रियन स्कीइंगचं माहेरघर. सुपर-जी. तो खाली आला, बोर्डवर वेळ झळकली, पहिला नंबर! हे फुटेज मी कितीदा बघितलंय सांगता येणार नाही, आणि दरवेळी खाली उभ्या असलेल्या गर्दीचा तो आवाज ऐकून घशाशी काहीतरी येतं. पुढच्या सीझनला, २००४ ला, त्यानं चौथ्यांदा ओव्हरऑल वर्ल्ड कप घेतला, तोही टायटॅनियम बसवलेल्या पायावर.

मग २००५ ला बोर्मिओत जायंट स्लालमचं वर्ल्ड टायटल, २००६ ला तुरिनच्या ऑलिंपिकमध्ये एक रौप्य, एक कांस्य. शेवटचा विजय नोव्हेंबर २००८ मध्ये लेक लुईसला, अर्थात सुपर-जीचाच, छत्तिसाव्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी. १३ ऑक्टोबर २००९ ला त्यानं निवृत्ती सांगितली, सीझन तोंडावर आला होता, आणि सांगताना त्याला रडू आवरलं नाही.

फ्लाखाऊला आता एका उताराला हेर्मान मायरचं नाव आहे. जानेवारीत तिथं रात्रीच्या दिव्यांखाली महिलांची वर्ल्ड कप स्लालम असते. पहिली खेळाडू गेटवर यायच्या आधी त्याच उतारावरून फोररनर खाली येतात, आणि त्यांची वेळ अजूनही निकालात धरत नाहीत.